एकच लेंडी, दोन आकडे

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा मला पाहून शेजारच्याला सांगतो, “ह्या लेंडीवाल्या मॅडम.” हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी घरी येऊन रडले होते. शेतमजुराची लेक, घरातली पहिली एम.एस्सी., कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, आणि लोकांनी नाव काय द्यावं! पण नाव खोटं नव्हतं. वर्गात मी बेडूक आणि झुरळ शिकवलं, ते सगळेच शिकवतात. मेंढ्यांच्या लेंड्या मात्र आमच्या भागात आम्हीच तपासल्या. त्या लेंड्यांपायी एका मोठ्या विद्यापीठाशी आमच्या लहानशा कॉलेजचं नातं जुळलं, जवळजवळ तुटलं आणि मग टिकलं. त्याचीच ही हकीकत.

आधी काम काय ते सांगते. मेंढीच्या पोटात जंत होतात. ते आतून रक्त पितात आणि अंडी घालतात. अंडी लेंडीतून बाहेर पडतात, गवतावर जातात आणि दुसऱ्या मेंढीच्या पोटात शिरतात. मेंढीचं पोट फाडून जंत मोजता येत नाहीत, म्हणून लेंडीतली अंडी मोजायची. थोडी लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, चहाच्या गाळणीतून गाळायची आणि रेघा आखलेल्या काचेच्या खणात भरायची. अंडी हलकी, ती वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. औषध पाजण्याआधी एकदा मोजायचं आणि चौदा दिवसांनी पुन्हा. आकडा घसरला तर औषध लागू पडलं. नाही घसरला तर बाटली बदला. एवढंच शास्त्र. पण मान मोडेपर्यंत बसावं लागतं, आणि वास हातातून दोन दिवस जात नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचे डॉ. नाडकर्णी आमच्याकडे आले. जंतांवरची नेहमीची औषधं कोरडवाहू भागात अजून चालतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्याकडे थंडगार प्रयोगशाळा, फ्रीज, संगणक आणि हाताखाली चार संशोधक. आमच्याकडे दोन सूक्ष्मदर्शक. त्यातला एक आरशाचा, खिडकीपाशी नेऊन उन्हाचा कवडसा धरावा लागायचा. दुसरा विजेवरचा, म्हणजे वीज असेल तेव्हाचा.

करार झाला. त्यात आमच्या वाट्याला एकच ओळ आली, ‘नमुने गोळा करून पाठवणे.’ मला त्या ओळीत तेव्हा काही खुपलं नाही. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या कागदावर आपल्या कॉलेजचं नाव आलं, याचंच अप्रूप. नमुन्यांसाठी मी जवळच्या साखरा गावच्या बळीराममामांचा कळप निवडला. मामा धनगर, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे ऐंशीएक मेंढ्या होत्या.

पावसाळ्याच्या तोंडावर नाडकर्णी स्वतः गाडी घेऊन आले आणि औषधाआधीचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून घेऊन गेले. त्याच दिवशी आमच्यासमोर मामांनी मेंढ्यांना औषध पाजलं. जाताना त्यांनी ती रेघांची मोजणीची काच आमच्याकडे ठेवली. “सवय म्हणून मोजत जा. तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला होईल.”

विद्यार्थ्यांना ती किळसवाणी वाटली. काच उचलली ती कचरूभाऊंनी.

कचरू खिल्लारे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण दहावीपर्यंत, वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त. परीक्षानळ्या धुणं, बेडूक आणणं, कुलूप लावणं ही त्यांची कामं. रोज सकाळी “जय भीम मॅडम” म्हणून ते खिडक्या उघडायचे आणि दिवस सुरू व्हायचा. मी त्यांना अंडी ओळखायला शिकवली, आणि आठवड्याभरात ते माझ्याहून झपाट्यानं मोजायला लागले. मला तासाभरात चार काचा व्हायच्या, त्यांना सात. प्रत्येक आकड्यापुढे ते बारीक अक्षरात आणखीही काही लिहून ठेवायचे. ‘ढग’, ‘मेंढी लंगडी’, ‘बोरीचा पाला’.

औषधानंतरचे नमुने मात्र आम्हीच पाठवायचे होते. फोटो स्टुडिओतून रोलच्या रिकाम्या डब्या आणल्या, त्यात लेंड्या भरल्या, खोक्यात रचल्या. खोकं जीपनं हिंगोलीला आणि तिथून एस.टी.च्या पार्सलनं शहरात. पोचायला तीन दिवस, कधी चार. पाठवण्याआधी आम्ही आमची मोजणीही करून ठेवली आणि आकडे सोबत जोडले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. औषधाआधी आकडे होते अकराशे-बाराशे. औषधानंतर त्यांच्या मोजणीत दीडशे-दोनशे. म्हणजे औषध उत्तम चालतंय. आमच्या मोजणीत मात्र त्याच डब्यांत अकराशे. पत्राची भाषा सभ्य होती. ‘आपल्या केंद्रातील मोजणी अप्रशिक्षित व्यक्तीकडून झाल्याचे दिसते. ती अहवालातून वगळत आहोत. पुढील वर्षी सहकार्य सुरू ठेवण्याबाबत नंतर कळवू.’

त्याच आठवड्यात बळीराममामा कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडं, चेहरा उतरलेला.

“मॅडम, औषध पाजलं, तरी कोकरं मरून राहिली. जबड्याखाली पानी भरल्यावानी सूज येऊन राहिली. पापनी उलटून बघितली तर पांढरीफट. तीन गेली, चौथं आज जाईल.”

“औषध बरोबर पाजलं ना मामा?”

“तुमच्या डोळ्यांदेखत पाजलं की. अन् तुमी आता मलाच इचारता व्हय?”

मोठं विद्यापीठ म्हणतंय औषध चालतंय. मामांची कोकरं सांगतायत चालत नाही. आणि मधे आम्ही, आकडे वगळलेले. दुसऱ्या जातीचं औषध पाजा म्हणावं, तर कशाच्या जोरावर? आणि तेही नाही चाललं तर?

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला कचरूभाऊंचाच संशय आला. वाटलं, मला खूश करायला हे वेगात मोजतात आणि अंदाजानं आकडे ठोकतात. मोठ्या विद्यापीठातली थंडगार खोली चुकेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चूक असेल तर ती आपल्याकडच्या माणसाची, हे आपल्याला किती चटकन पटतं!

मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. मामांच्या कळपातल्या सहा डब्या त्यांनी सकाळी मोजल्या होत्या. जेवणाच्या सुटीत मी त्यांवरचे नंबर खोडले, नवे चिकटवले आणि दुपारी त्यांच्यापुढे ठेवल्या. “पुसेगावहून आल्यात. मोजून ठेवा.”

त्यांनी निमूट मोजल्या. आकडे सकाळच्याइतकेच आले, थोडं इकडे-तिकडे. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला तेवढ्यात ते गाळणी हातात घेऊन माझ्यासमोर आले.

“मॅडम, ह्या पुसेगावच्या न्हाईत. सकाळच्याच हायेत. ह्या मेंढीनं बोरीचा पाला खाल्लेला हाय. बघा, गाळणीत तसाच दिसून राहिला. सकाळी लिहून ठेवलंय म्या.”

मी त्यांची वही उघडून पाहिली. तसंच लिहिलेलं होतं.

“इचारलं असतं तर सांगितलं असतं,” ते म्हणाले. गाळणी धुऊन जागेवर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या होत्या, टेबलं पुसली होती, पण ‘जय भीम मॅडम’ आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी माफी मागायला हवी होती. रोज ठरवायचे आणि रोज तास घ्यायला निघून जायचे.

चौथ्या दिवशी मी वर्गातून परतले तर ते आरशाच्या सूक्ष्मदर्शकापाशी उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, “जरा येऊन बघा.”

मी डोळा लावला. साध्या पाण्याचा थेंब, आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक जीव वळवळत होते. एक, दोन, पाच.

“हे कुठून आणलं?”

“लेंडीतूनच. एक डबी मी मुद्दाम खिडकीत ठेवून देली व्हती. पार्सल जेवढे दिवस जाते तेवढे दिवस. रोज त्यातलं थोडं काढून मोजलं.” त्यांनी वही पुढे केली. पहिल्या दिवशी साडेअकराशे. दुसऱ्या दिवशी सहाशे. तिसऱ्या दिवशी दीडशे. “अंडी कमी काहून होतात, हे डोक्यात येईना. मंग वाटलं, अंडं म्हटलं की ते उबनारच की. मिठाच्या पान्यात काही दिसंना, म्हनून साध्या पान्यात बघितलं. पिल्लं निघून राहिली, मॅडम. एस.टी.तच.”

मी स्टुलावर बसले. पुस्तकात ते मी स्वतः वाचलं होतं. ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. परीक्षेत ते लिहून मार्कही मिळवले होते. पण अर्ध्या रिकाम्या डब्या, आत कोंडलेली गरम हवा आणि तीन दिवसांची एस.टी., यांच्याशी त्या वाक्याचा संबंध असतो हे मला सुचलं नव्हतं. औषधाआधीचे नमुने बर्फातून गेले, म्हणून अंडी तशीच राहिली. नंतरचे उकाड्यात गेले, म्हणून अंडी फुटून गेली. औषधानं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते पार्सलनं.

मी नाडकर्णींना सविस्तर पत्र लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली, ‘आपण स्वतः येऊन आमच्यासोबत मोजावे, ही विनंती.’ प्राचार्य म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसाला असं लिहितात का? आहे ते सहकार्य पण जाईल.” मी पत्र टाकलं. पुढचे दहा दिवस पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जायचे.

पत्र आलंच नाही. एका सकाळी हिंगोलीच्या जीपमधून नाडकर्णीच उतरले. शहरातून हिंगोलीपर्यंत एस.टी.नं आले होते, शर्ट घामानं चिकटलेला. म्हणाले, “पार्सल कसं येतं ते बघायचं होतं. आलो तसाच.”

त्याच दिवशी आम्ही साखऱ्याला गेलो. नाडकर्णींनी स्वतः मेंढ्यांच्या वाड्यात उतरून ताज्या लेंड्या गोळा केल्या. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. अर्धे डब्यांत भरून, वर स्वतःची सही करून नेहमीच्या वाटेनं आपल्या प्रयोगशाळेकडे पाठवले. उरलेले अर्धे त्यांनी आमच्या खिडकीपाशी बसून मोजले. सोबत आणलेल्या काचेवर ते, आमच्या काचेवर कचरूभाऊ. दोघांचे आकडे हजाराच्या वरच. पार्सल पोचेपर्यंत थांबतो, एवढंच नाडकर्णी म्हणाले.

ते चार दिवस गोरेगावात राहिले. कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत पंखा नव्हता. जेवण आमच्या घरी. माझ्या आईनं पहिल्या दिवशी विचारलं, “भाकर चालते का साहेब?” त्यांनी तीन खाल्ल्या. पण मला त्यांच्या ताटाकडे नीट बघवत नव्हतं. आपण चुकलो असलो तर कॉलेजचं नाव गेलं, कचरूभाऊंचं गेलं, आणि मामांना सांगायला तोंड राहणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं एस.टी.डी. बूथवर गेलो. नाडकर्णींनी फोन लावला. पलीकडे त्यांचा संशोधक एकेक डबी वाचत होता आणि हे एस.टी.च्या तिकिटामागे आकडे लिहीत होते. काचेच्या दाराबाहेरून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. कचरूभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे. दार उघडलं.

“दोनशे,” नाडकर्णी म्हणाले. “दीडशे. दोनशे. एकात पन्नास. माझ्याच सहीच्या डब्या.”

मग ते माझ्याकडे नाही, कचरूभाऊंकडे वळले. “खिल्लारे, पत्रात मी तुम्हाला अप्रशिक्षित म्हटलं होतं. ते मी मागे घेतो. लेखी घेतो.”

कचरूभाऊ म्हणाले, “लेखीचं नंतर बघू सर. आधी मामाला औषध बदलून देता का? त्याची कोकरं थांबनार न्हाईत.”

बूथच्या पायरीवर मी मटकन बसले आणि हसू यायला लागलं, थांबेचना. दोघं पुरुष माझ्याकडे बघत उभे.

त्याच संध्याकाळी मामांना दुसऱ्या जातीचं औषध दिलं. चौदा दिवसांनी आकडा शंभराच्या आत आला. त्यानंतर त्या पावसाळ्यात मामांचं एकही कोकरू जंतांनी गेलं नाही. आधीची सहा मात्र परत येणार नव्हती. त्यातली दोन आमच्या पत्रापत्रीच्या दिवसांत गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

परत जाण्याआधी नाडकर्णी स्टाफरूममध्ये कोरा कागद घेऊन बसले. “जुना करार बाजूला ठेवू. तुम्हाला काय हवं ते सांगा.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं विचारलं होतं. मग एकेक सुचत गेलं. मोजणी जिथे मेंढी तिथेच होईल. शहरात नमुने जातील ते पडताळणीसाठी, डबी काठोकाठ दाबून, बर्फात. एक चांगला सूक्ष्मदर्शक इथेच राहील, प्रकल्प संपला तरी. दर पावसाळ्यात त्यांचे दोघं इथे येऊन राहतील, आमचे दोघं तिकडे जाऊन शिकतील. आकड्यांत फरक पडला तर पत्र लिहिण्याआधी दोन्हीकडचे लोक एकत्र बसून मोजतील. शोधनिबंधावर दोन्हीकडची नावं येतील.

मामा औषधाची रिकामी बाटली परत द्यायला आले होते, ते दारातून ऐकत होते. म्हणाले, “लेंडी आमची, मेंढी आमची. मंग आमाला कव्हा सांगनार? समद्या जगाला सांगून झाल्यावर?”

नाडकर्णींनी पेन उचललं आणि सगळ्यात वर लिहिलं, ‘निष्कर्ष छापण्यापूर्वी मेंढपाळांना मराठीत सांगितले जातील.’ त्यांच्या कार्यालयाला ते कलम विचित्र वाटलं होतं म्हणे. पण ते राहिलं.

नाडकर्णी गेल्यावर मी कचरूभाऊंची माफी मागितली. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. “त्या दिवशी डब्यांचे नंबर बदलले, ते चुकलं माझं. विचारायला हवं होतं.”

ते नळ्या पुसत होते. मग खाली मान घालून म्हणाले, “पत्र आलं तव्हा मला वाटलं व्हतं, मॅडमच चुकून राहिल्या. तुमच्या चार काचा म्या चोरून पुन्हा मोजल्या व्हत्या.”

“मग?”

“बराबर निघाल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघडताना त्यांचा “जय भीम मॅडम” ऐकू आला. मी त्या दिवशी प्रयोगशाळेतच रेंगाळले, वर्गात जरा उशिरानंच गेले.

सगळंच काही गोड झालं नाही. पहिल्या शोधनिबंधावर कचरूभाऊंचं नाव आलं नाही. आमच्याच प्राचार्यांनी हरकत घेतली, “परिचराचं नाव लेखक म्हणून? उद्या शिपाई मागतील.” मी वाद घातला, पण पुरेसा घातला नाही. त्यांचं नाव शेवटी आभाराच्या बारीक ओळीत गेलं. दुसऱ्या निबंधाच्या वेळी मी आणि नाडकर्णींनी आधीच ठरवलं, तिघांची नावं नसतील तर निबंधच पाठवायचा नाही. तो छापून आला तेव्हा कचरूभाऊंनी त्याची झेरॉक्स काढून घरी नेली. इंग्रजीत होता, त्यांच्या मुलीनं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक आकडा छापताना चुकलाय हे सांगितलं. खरंच चुकला होता.

वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला. आमच्या कळपांत गोरेगाव आणि पुसेगावचेही आले. मग नाडकर्णी निवृत्त झाले, आणि मला धास्ती बसली. असली नाती माणसांवर चालतात. त्यांच्या जागी कोण येईल, त्याला आमची वाट कशाला आठवेल? नव्या बाई आल्या. एकदा येऊन गेल्या, बोलल्या चांगलं, पण माझी भीती गेली नाही. त्यात माझीच प्रकृती बिघडली. नांदेडला ऑपरेशन झालं आणि दोन महिने अंथरुणात गेले, तेही भर पावसाळ्यात. पडल्या पडल्या मला एकच दिसायचं, बंद प्रयोगशाळा. फोन करायचीही हिंमत होईना. नको ते ऐकायला मिळालं तर?

हिंडता-फिरता येऊ लागल्यावर मी कुणाला न सांगता जीपनं पुसेगावला गेले. लिंबाखाली वीसेक मेंढपाळ बसले होते. पुढे नव्या बाईंनी शहरातून पाठवलेली एक मुलगी उभी होती, आणि अडखळत, पण आमच्याकडच्या बोलीत, आकडे वाचून दाखवत होती. “ह्या कळपात औषध चालून राहिलं. ह्या कळपात न्हाई.” कचरूभाऊ बाजूला वही घेऊन उभे, चष्मा नाकावर. कुणी काही विचारलं की ते वहीत बघून तिला सांगत, ती पुढे सांगे. बळीराममामा, आता पार थकलेले, मागून ओरडले, “जरा मोठ्यानं बोल बाई, मागं ऐकू येऊन न्हाई राहिलं!”

मी मागच्या बाजूला येऊन उभी राहिले. त्या मुलीचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती वाचायची थांबली आणि आदबीनं म्हणाली, “नमस्कार, आपण कोण? मेंढ्या आहेत का तुमच्याकडे?”

कचरूभाऊंनी मान वर केली. मला पाहून ते बोलणारच होते. मी हातानंच त्यांना थांबवलं.

“न्हाई बाई,” मी म्हणाले, “तुमचं चालू द्या. मी ऐकायला आले.” आणि मामांनी सरकून जागा केली, तिथे मी घोंगड्यावर बसले.